मिसरीची वेळ

मिसरी म्हणजे काय, हे आता नव्या पोरींना समजावून सांगावं लागतं. तंबाखू तव्यावर टाकायची, वर झाकण ठेवायचं आणि खाली जाळ करायचा. काळी ठिक्कर पडली की कुस्करायची आणि डबीत भरायची. सकाळी चिमूटभर डाव्या तळहातावर घेऊन उजव्या हाताच्या बोटानं दातांना चोळायची. नाव दात घासण्याचं, काम नशेचं. सिन्नरच्या आमच्या वस्तीत सकाळी जिच्या तोंडात बोट नाही अशी बाई शोधून सापडली नसती. मी चौथीत असताना माझी दाढ सुजली आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आईनं माझ्या दाढेवर मिसरी दाबून धरली. आधी डोकं गरगरलं, मग उलटी झाली, मग दाढ बधिर झाली. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती, तरी मी आपणहून हात पुढं केला. झालं, लागली सवय.

आई विड्या वळायची. वस्तीत घरोघरी तेच काम. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. आई पान उचलायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायची, आणि हे सगळं होईपर्यंत पुढचं पान हातात आलेलं असायचं. संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचा असे, त्यामुळं दिवसभर तिची मान वर होत नसे. मी काही सांगायला गेले की ती सुपाशी बोलावं तशी बोलायची. एकदा मी धापा टाकत येऊन सांगितलं, “आई, माझा पहिला नंबर आला.” ती म्हणाली, “हं, ठेव तिथं.” ठेव तिथं! नंबर काय कोनाड्यात ठेवायचा असतो? मी चिडून शेजारणीला सांगायला गेले, तर तीही विड्याच वळत होती.

सकाळी मिसरी लावताना मात्र आईचे दोन्ही हात अडकलेले असायचे. एका हातावर मिसरी, दुसऱ्याचं बोट तोंडात. तेवढ्या वेळात तिला विडी वळता येत नव्हती, भाकरी थापता येत नव्हती, पाण्याची कळशी उचलता येत नव्हती. घरामागं भिंतीला लागून एक लांब दगड होता, त्यावर ती बसायची आणि मी तिच्याशेजारी. त्या वेळात ती माझ्याकडं बघायची. माझे केस, माझा फाटलेला खिसा, माझ्या गुडघ्याची खपली, सगळं तिला तेव्हाच दिसायचं. तोंडात बोट धरून ती विचारायची, “आं आं आं?” आणि मला बरोबर कळायचं की शाळेत काल कोणाशी भांडण झालं हे ती विचारतेय. मीही तोंडात बोट धरून “आं आं” करून उत्तर द्यायचे. मधे थुंकायला थांबायचं, की पुन्हा गप्पा. दिवसातली आमची मायलेकींची भेट तीच.

पुढं शिकले, डी.एड. झाले आणि नाशिकला नगरपालिकेच्या शाळेत लागले. सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. आमच्या घरातली मीच पहिली नोकरीवाली, त्यामुळं वस्तीत पेढे वाटले, आणि मी एका ट्रंकेसकट पंचवटीतल्या एका खोलीत येऊन पडले. घरमालकीण बोलायला गोड होती. तिनं आडनाव विचारलं, मी सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, “पाणी तेवढं बाहेरच्या नळाचं घ्यावं लागेल हं.” बाकीच्या भाडेकरूंना आतला नळ होता, हे मला नंतर कळलं. कळल्यावर अंगाचा तिळपापड झाला, पण दुसरी खोली मिळवताना नाकी नऊ आले असते, म्हणून राहिले तिथंच.

एकटी राहायची मला सवय नव्हती. आमच्या घरात पाय पसरायला जागा नसे, आणि इथं भिंतीवर बुद्धाची तसबीर, एक कॉट, एक स्टोव्ह आणि मी. शाळेतल्या बायका डबा खाताना गोल करून बसायच्या. त्यांनी मला कधी उठवलं नाही आणि कधी बोलावलंही नाही. माझं तोंड तर तसंही बंद, कारण दात काळे. दुपारपर्यंत माझ्या तोंडाला वास यायचा, म्हणून मी बोलताना पदर ओठांपाशी धरायचे. पोरांना वाटायचं, बाई फार लाजाळू आहेत. लाजाळू कसल्या, वर्गात माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा!

खोलीला मागं एक दार होतं आणि दाराला एक पायरी. पलीकडं अरुंद बोळ. सकाळी मी दार जरासं उघडून त्या पायरीवर बसायचे आणि मिसरी लावायचे. आईनंच भाजलेली असायची. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी सीबीएस स्टँडवरून सिन्नरची एसटी पकडायचे. रविवारी सकाळी त्या दगडावर आईशेजारी बसायचे, आणि निघताना आई माझी डबी आठवडाभराची भरून द्यायची. विड्यांच्या तंबाखूतला उरलेला चुरा ती त्यासाठी वेगळा काढून ठेवायची. आठवडाभर मी पायरीवर एकटी बसायचे, पण वास आईच्या चुलीचा असायचा. डोळे मिटले की ती शेजारी आहे असं वाटायचं. हसाल तर हसा, पण त्या वासावर मी दिवस काढले.

असं काही वर्षं चाललं. मग गालाच्या आत काहीतरी खरखरीत लागायला लागलं. जीभ सारखी तिथंच जायची. तिखट लागलं की आग व्हायची. शेवटी सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. माझ्याच वयाच्या होत्या, पण रागवायला मोठ्या. माझा ओठ बाजूला करून त्यांनी आत बघितलं आणि विचारलं, “मिसरी?” मी म्हणाले, “कधीतरी.” त्यांनी माझ्या उजव्या हाताचं बोट धरून माझ्याच डोळ्यांसमोर आणलं. नखाच्या कडेला काळी रेघ.

“हा पांढरा चट्टा आहे ना, आत्ता नुसता चट्टा आहे,” त्या म्हणाल्या. “सोडलीत तर बहुतेक जाईल. नाही सोडलीत तर पुढचं मी बोलत नाही. शिकलेल्या आहात तुम्ही.”

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. पदरानं अर्धा चेहरा झाकलेला, आणि झाकलेल्या बाजूला गाल जिथं असायला हवा तिथं पदर आत गेलेला. मला पुढचं कोणी बोलून दाखवायची गरज राहिली नाही.

सोडायची, हे तर ठरलं. घरी आले ती तडक गोदावरीवर, म्हणजे आमच्या गंगेवर गेले आणि डबी पाण्यात भिरकावली. मोठी मर्दुमकी केल्यासारखी परतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीतून तंबाखूची पुडी आणली आणि स्टोव्हवर तवा चढवला. धूर बघून मालकीण विचारत आली, “काय जळतंय हो?” मी म्हणाले, “चपाती.” ती म्हणाली, “एवढी?” मी दार लावून घेतलं.

माझी मलाच लाज वाटायची. पोरांना सवयी लावणं हा माझा धंदा. रोज प्रार्थनेनंतर नखं दाखवा, रुमाल दाखवा, दात दाखवा. दात दाखवा, असं मी म्हणायचे! आणि माझं स्वतःचं बोट माझ्या ताब्यात नव्हतं. मिसरी न लावता शाळेत गेले तर डोकं भणभणायचं, पोट साफ व्हायचं नाही, फळ्यावर लिहिताना हात कापायचा. पोरं काही न करताही माझ्या तावडीत सापडायची. एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, आज तुम्हाला बरं नाही का?” मी तिच्यावर खेकसले आणि मग मधल्या सुट्टीत वाईट वाटून तिला जवळ घेतलं.

त्याच सुमारास येवल्याला शिक्षकांचं शिबिर लागलं. आम्हा बायकांना एका शाळेच्या वर्गात उतरवलं होतं. सतरंज्या टाकून ओळीनं झोपायचं, सकाळी रांगेत उभं राहून तोंड धुवायचं, पाठोपाठ चहा, पाठोपाठ कवायत. लपून बसायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी जीव कासावीस झाला. मग एकीनं गाणं म्हटलं, एकीनं नवऱ्याच्या नकला केल्या, आणि शिबिर संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला मिसरीची आठवणसुद्धा होत नाही. सुटले एकदाची, असं म्हणत आनंदानं नाशिकला आले. खोलीत पाऊल टाकलं, कोंडलेला वास जावा म्हणून मागचं दार उघडलं, पायरी दिसली आणि तोंडाला असं पाणी सुटलं की विचारू नका. हात आपोआप कोनाड्यातल्या डबीकडं गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी स्वतःला शिव्या देत होते की मला मनाचा निग्रह नाही. निग्रह बिग्रह राहू द्या. येवल्यात मी तीच होते, मन तेच होतं, फक्त पायरी नव्हती आणि आजूबाजूला माणसं होती. मी ट्रंक ओढली आणि मागच्या दाराला लावली. त्यावर वह्यांचे गठ्ठे रचले. सकाळी उठलं की डोळे चोळत थेट बाहेरच्या नळावर जायचं आणि सगळ्यांच्या देखत दात घासायचे, असं ठरवलं. तो नळ मला अपमान म्हणून मिळाला होता, पण मालकिणीच्या नजरेसमोर मिसरी लावायची माझी छाती नव्हती, त्यामुळं तो असा उपयोगाला आला.

टूथपेस्ट तोंडात फेसाळली की मळमळायचं, म्हणून बाजारातून लाल मंजन आणलं. काय सांगू, इतकं मानवलं! डोकं शांत, पोट साफ, पोरांवर ओरडणं बंद. बोटानंच लावायचं असल्यानं बोटालाही बरं वाटलं. मी दिवसातून तीनदा दात घासायला लागले. स्वच्छतेचं वेडच लागलं म्हणा ना. मोठ्या ऐटीत डॉक्टरीणबाईंकडं गेले आणि सांगितलं, सोडली, आता मंजन लावते. त्यांनी गालाच्या आत बघितलं, कपाळाला आठी घातली, माझ्या पिशवीतलं मंजन मागून घेतलं. वास घेतला, चिमूट जिभेला लावली आणि थुंकल्या.

“अहो बाई, यात तंबाखू आहे!”

मी कपाळाला हात लावला. आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो. बाहेरची आया डोकावून गेली. नाशिकला आल्यापासून कोणाबरोबर इतकं हसल्याचं मला आठवत नाही. त्यानंतर मी मीठ आणि बाभळीच्या काडीवर आले. मिठानं तोंड पोळायचं, पण निदान ते फसवत नव्हतं.

एवढं सगळं करूनही चट्टा जागचा हलेना. डॉक्टरीणबाई विचारायच्या, “नक्की सोडलीय?” मी म्हणायचे, “नक्की.” पण खोटं बोलत होते. रविवार उरला होता. सिन्नरला दगडावर आईशेजारी बसले की ती सवयीनं डबी पुढं करायची आणि मी सवयीनं हात. एकाच दिवसाची तर गोष्ट, असं म्हणायचे. आणि सोमवारी पुन्हा डोकं भणभणायचं, पुन्हा हात कापायचा, आठवडाभर निभावून कुठं जरा स्थिर व्हावं तोवर शनिवार यायचा. आईला सांगून टाकायचं, एवढंच बाकी होतं. आणि तेच माझ्याच्यानं होत नव्हतं.

खरं सांगते, कॅन्सरची भीती होतीच. रोज आरशात ओठ उलटा करून बघायचे. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मिसरी सोडली तर आईजवळ बसायचं काय म्हणून? दिवसभर ती सुपात, मी तिच्यासमोर पाहुणी. माझ्याकडं बघायची तिची वेळ ती एवढीच, आणि त्या वेळेत शिरायला चिमूटभर तंबाखू लागायची. सगळ्या नाशिकात माझं म्हणावं असं कोणी नव्हतं. आठवड्यातून एकदा आई माझ्याकडं बघायची, त्यावर मी जगत होते. ते गेलं तर मग काय उरतं, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी एका रविवारी आईनं डबी पुढं केली आणि मी म्हणाले, “नको.”

“का गं? दाढ दुखती का?”

“डॉक्टरीण सोड म्हणालीय. चट्टा आलाय आत.”

मी उन्हाकडं तोंड करून आ केला. आईनं वाकून बघितलं. तिनं बोट पुढं आणलं, पण त्या बोटाला मिसरी होती. तिनं ते पदराला पुसलं, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसलं, आणि हात मागंच घेतला. मग डबीचं झाकण खटकन लावलं.

“जा आत,” ती म्हणाली.

“अगं, मी नुसती बसते ना तुझ्याजवळ.”

“जा म्हनते ना आत! वास बी नाय घ्यायचा. इथं बसलेली दिसलीस तर तंगडं मोडीन.”

मी नोकरी करणारी बाई, पण गेले मुकाट आत. एवढी वर्षं जिला कोणी बदलू शकलं नव्हतं ती आई एका वाक्यात बदलली. त्या दिवसापासून माझ्यासमोर तिनं मिसरी भाजली नाही, लावली नाही. मी सिन्नरला असले की ती शेजारणीच्या भिंतीपलीकडं जाऊन बसायची. मला जाग यायची तेव्हा पलीकडून बायकांचं हसणं ऐकू यायचं. त्यात तिचं हसणं मला ओळखू यायचं, तोंडात बोट असतानाचं. मी उठून चहा टाकेपर्यंत ती येऊन सुपाला भिडलेली असायची. निघताना माझ्या पिशवीत ती भाजलेली बडीशेप घालून द्यायची. तंबाखूचा वास लागू नये म्हणून वेगळ्या तव्यावर भाजलेली. बडीशेप चांगली असायची. एसटीत खिडकीशी बसून मी ती खायचे आणि रडायचे, मधेच कंडक्टरला सुटे पैसे द्यायचे आणि पुन्हा रडायचे.

मिसरी सुटली. कधी सुटली ते कळलंच नाही. एकदा दुपारी पोरांचे पेपर तपासताना लक्षात आलं की आज सकाळपासून तिची आठवणच झाली नाही. कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं. मालकिणीला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, शाळेतल्या बायकांना तर मुळात मी लावायचे हेच माहीत नव्हतं. पेपर बाजूला ठेवून मी थोडा वेळ बसले आणि पुन्हा तपासायला घेतले. सिन्नरला जाणंही कमी झालं. परीक्षा आहे, शिबिर आहे, अशी कारणं मी स्वतःलाच सांगायचे. जाऊन करायचं काय होतं? आईच्या वाकलेल्या मानेकडं बघत बसायचं आणि परत यायचं.

चट्टा हळूहळू विरत गेला. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून नीट बघितलं आणि म्हणाल्या, “गाल स्वच्छ आहे. कशी सोडलीत शेवटी?”

“आईनं सोडवली.”

“आई लावते?”

“लावते.”

“मग आता तिची कोण सोडवणार?”

तोवर ऐंशीचं दशक लागलं होतं. भावाचं लग्न झालं होतं, आईला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. पानांचा माल आला नाही म्हणून सिन्नरला काही दिवस काम बंद पडलं, तेव्हा डोळे तपासायच्या निमित्तानं मी तिला नाशिकला घेऊन आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या खोलीवर राहायला आली. आता आठ दिवस तिला बोलून बोलून मिसरी सोडायला लावते, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आल्या आल्या तिनं विचारलं, “हे मागलं दार कोंडलंय कशापायी?” आणि उत्तर यायच्या आत ट्रंक ओढून दार उघडलंसुद्धा. संध्याकाळी ती बाहेरच्या नळावर गेली, तेव्हा मी तिची डबी काढून तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवली.

सकाळी तिनं कमरेला हात लावला, पिशवी उलटी केली, उशी उचलली. मला काही विचारलं नाही. मग तिनं घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. कॉटखालून झाडलं. माझ्या धुतलेल्या साड्या पुन्हा पिळल्या. मी म्हणाले, “आई, बस ना गं जरा. इथं काही काम नाही.” ती कॉटच्या कडेला टेकली आणि लगेच उठून स्टोव्ह पुसायला लागली. मग मला राहवलं नाही. माझ्या चट्ट्यापासून सुरुवात करून, दवाखान्यात बघितलेल्या त्या बाईपर्यंत सगळं मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. मला जमलं, तर तुला का नाही जमणार, असंही वर म्हणाले.

आईनं फडकं खाली ठेवलं.

“तुला काय वाटतं, मला तंबाखू गोड लागती?” ती म्हणाली. “लगीन होऊन आले तवा मला मिसरी ठावं बी नव्हती. तुझ्या आजीच्या घरात मी कायम उभी. पानी, दळन, इड्या. जरा टेकले की हाक. तुझा बाप बी दारातूनच वरडायचा, ‘बसलीस का?’ एक दिस सासूनं आपनहून चिमूट हातावर घातली. म्हनली, ‘बस, लाव.’ बस म्हनली गं ती मला. त्या घरात मला पयल्यांदा कोनी बस म्हनलं.”

तिनं खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं.

“मिसरी लावनारीला कोनी ऊठ म्हनत नाय. तोंडात बोट हाय म्हनल्यावर कोन काय बोलनार? नुसती बसले की समदे इचारत्यात. आता सून बी इचारती. आन तू म्हनती सोड. सोडते की. मग बसू कवा मी?”

मला वाटत होतं, ती वेळ माझी होती. ती तिचीही तेवढीच एक होती, हे इतकी वर्षं शेजारी बसूनही मला कळलं नव्हतं.

“इथं बस,” मी म्हणाले. “इथं कोणी तुला ऊठ म्हणणार नाही. मिसरी लावू नको, काही करू नको. माझ्याजवळ नुसती बस.”

ती हसली. पण आली. आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. पायरी लहान होती, त्यामुळं खांद्याला खांदा लागला. आईला हातांचं काय करावं ते कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, तर बोटं हलायला लागली. पान नाही, तंबाखू नाही, तरी उचलणं, भरणं, वळणं चालूच. ते तिच्या लक्षात आलं तसा तिनं एक हात दुसऱ्या हातानं दाबून धरला.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. खूप दिवसांनी बघितलं.

“तुझ्यासंगं जेवायला कोन असतं गं?”

“कोणी नाही.”

“रोज?”

“रोज.”

बोळातून एक सायकलवाला गेला. पलीकडच्या घरात कोणीतरी कपडे आपटत होतं. आईनं आधी इकडं बघितलं, मग तिकडं, मग एखादं नेमून दिलेलं काम विचारावं तसं मला विचारलं,

“झालं का गं बसून?”

“नाही,” मी म्हणाले. “अजून बस.”

ती बसली. माझ्यासाठी म्हणून बसली, मला दिसत होतं. दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं, तेव्हा मीच तांदळाच्या डब्यातून डबी काढून तिच्या हातात दिली. “कमी लावीन,” ती म्हणाली, आणि माझ्यापासून लांब, बोळाच्या टोकाला जाऊन उभ्यानंच लावून आली. आठ दिवस ती राहिलीच नाही. चष्मा मिळाला आणि पानं आल्याचा निरोप आला, तशी तिनं पिशवी भरली. सीबीएसवर तिला सिन्नरच्या गाडीत बसवलं. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून ओरडली, “जेवत जा येळच्या येळी!”

खोलीवर आले. मागचं दार उघडंच होतं. पायरीवर बसले. तोंडाला पाणी सुटलं नाही, कसलीच तल्लफ आली नाही. स्टोव्ह पेटवायचा होता, पाणी भरायचं होतं, दुसऱ्या दिवसाचे धडे काढायचे होते. बोळात अंधार पडायला लागला तरी मी बसूनच होते. कोणीतरी दारात येऊन ‘बसलीस का?’ म्हणून ओरडावं असं इतकं वाटलं, की मी वाट बघत राहिले. कोणी ऊठ म्हणालं नाही.